एसपीजीचा फॉर्म निघत नाही: नेत्यांच्या सुरक्षेत जायची खरी वाट

दर महिन्याला मला एक तरी फोन येतो. "काका, एसपीजीची भरती कधी आहे?" एसपीजी म्हणजे स्पेशल प्रोटेक्शन ग्रुप, पंतप्रधानांना सांभाळणारं विशेष दल. मागच्या पावसाळ्यात आमच्याच तालुक्यातल्या एका मुलाचा फोन आला तो पैसे भरून झाल्यावर. त्याला मोबाइलवर एक पत्र आलं होतं. वर राजमुद्रा, मध्ये "पंतप्रधान सुरक्षा, थेट भरती" आणि खाली गोल शिक्का. ट्रेनिंग फी म्हणून अठरा हजार मागितले होते. त्याच्या आईने दोन शेळ्या विकून ते भरले. ते पैसे परत आले नाहीत.

म्हणून आधीच स्पष्ट सांगतो. एसपीजीत थेट भरती होत नाही. तिचा फॉर्म निघत नाही, एजंट नसतो, फी नसते. नेत्यांच्या मागे जी माणसं तुम्हाला दिसतात, ती सगळी आधी कुठल्या तरी दलात किंवा पोलिसांत साधे जवान म्हणून भरती झालेली असतात आणि काही वर्षांनी निवडून तिकडे जातात.

मी २००१ साली केंद्रीय राखीव पोलीस दलात, म्हणजे सीआरपीएफमध्ये, शिपाई झालो. बेसिक ट्रेनिंग नीमचला झालं. आधी बटालियन, मग नऊ वर्षं व्हीआयपी सुरक्षा, आणि आता गावी. मी कोणाच्या मागे उभा होतो ते इथे येणार नाही. ताफ्याची रचना, माणसांची संख्या, शस्त्रं यांतलंही काही लिहिणार नाही. जे उघड आहे आणि ज्याने तुमचा गोंधळ कमी होईल, तेवढंच लिहितो.

१. कोण कोणाला सांभाळतं, हे आधी समजून घ्या

३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींना त्यांच्याच निवासस्थानाच्या आवारात, त्यांच्याच सुरक्षेतल्या दोन पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्यानंतर १९८५ मध्ये एसपीजी उभी राहिली आणि १९८८ मध्ये तिचा कायदा झाला. ती कॅबिनेट सचिवालयाच्या अखत्यारीत आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिचं काम अगदी नेमकं झालं: पंतप्रधान, त्यांच्या सरकारी निवासस्थानी त्यांच्यासोबत राहणारे जवळचे कुटुंबीय, आणि पद सोडल्यावर पाच वर्षांपर्यंत माजी पंतप्रधान व त्यांच्यासोबत राहणारे कुटुंबीय. बाकी कोणीही नाही.

म्हणजे टीव्हीवर सफारीतला कमांडो दिसला की तो एसपीजीचा, असं धरू नका. केंद्रीय मंत्री, विरोधी पक्षांचे मोठे नेते यांच्यामागे बहुतेक वेळा सीआरपीएफ किंवा सीआयएसएफचे (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल) जवान असतात. पूर्वी एनएसजीचे (राष्ट्रीय सुरक्षा गार्ड) ब्लॅक कॅट कमांडोही असत. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने एनएसजीला या कामातून मोकळं करायचं ठरवलं आणि तिच्याकडचे झेड प्लस या वरच्या सुरक्षा श्रेणीतले नऊ नेते सीआरपीएफकडे द्यायचा निर्णय झाला. नव्या मुलांसाठी ही महत्त्वाची गोष्ट आहे, कारण आज या कामाची सर्वांत मोठी वाट सीआरपीएफमधून जाते.

एक्स, वाय, वाय प्लस, झेड, झेड प्लस या श्रेणी मुख्यतः धोक्याच्या अंदाजावर ठरतात. तो अंदाज गुप्तचर यंत्रणा देतात आणि निर्णय गृह मंत्रालय घेतं. धोका कमी झाला की श्रेणी उतरते आणि तुमची तुकडी दुसरीकडे जाते. त्यामुळे "मी अमक्या साहेबांचा माणूस" ही भावना पहिल्या दिवसापासून मनात येऊ देऊ नका.

राष्ट्रपतींचे घोड्यावरचे अंगरक्षक ही वेगळी गोष्ट आहे. ती लष्कराची रेजिमेंट आहे, १७७३ मध्ये वाराणसीत उभी राहिलेली. तिथे जायचं तर लष्करातूनच.

आणि राज्यात राहून हे काम करायचं असेल तर महाराष्ट्र पोलीस. मुख्यमंत्री आणि राज्यातल्या इतर अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठी राज्याचं विशेष सुरक्षा युनिट आहे, त्याला सगळे एसपीयू म्हणतात. मुंबई पोलिसांची संरक्षण व सुरक्षा शाखा आहे. दोन्हीकडे आधी पोलीस शिपाई म्हणून भरती व्हावं लागतं. त्यासाठी बारावी पास लागते.

२. कुठल्या दारातून आत जायचं

दहावी पास असाल तर कर्मचारी निवड आयोगाची कॉन्स्टेबल जीडी (जनरल ड्यूटी) परीक्षा. वय १८ ते २३. ओबीसींना तीन वर्षं आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षं सवलत. पेपर संगणकावर असतो: ८० प्रश्न, १६० गुण, ६० मिनिटं. बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, गणित आणि हिंदी किंवा इंग्रजी. चुकीच्या उत्तराला गुण कापतात. २०२४ पासून ही परीक्षा हिंदी-इंग्रजीखेरीज १३ प्रादेशिक भाषांत होते आणि त्यांत मराठी व कोकणी दोन्ही आहेत. अजूनही अनेक मुलं सवयीने हिंदी माध्यम भरतात आणि गणिताचा प्रश्न वाचण्यातच वेळ घालवतात. भाषेचा रकाना विचार करून भरा.

पदवी असेल तर उपनिरीक्षकाची परीक्षा आहे, आणि यूपीएससीची असिस्टंट कमांडंटची. दोन्हींना वय २० ते २५. पदवीधर मुलांनी "आधी शिपाई तर होऊ" म्हणून जीडीचा फॉर्म जरूर भरावा, पण या दोन परीक्षाही द्याव्यात. दहा वर्षांनी फरक कळतो.

जीडीच्या फॉर्ममध्ये दलांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली: "शहरात ड्यूटी मिळेल" या एकाच विचाराने क्रम लावला जातो. तुम्हाला व्हीआयपी सुरक्षेत जायचं असेल तर सीआरपीएफ आणि सीआयएसएफ वर ठेवा. दुसरी: यादीत एसएसएफ दिसलं की मुलांना ते एसपीजीसारखं काहीतरी वाटतं. ते सचिवालय सुरक्षा दल आहे. दिल्लीतल्या केंद्राच्या कार्यालयीन इमारती सांभाळणं हे त्याचं काम. काम चांगलंच आहे, पण तुम्हाला हवं ते नाही.

एनसीसी केली असेल तर प्रमाणपत्र जपून ठेवा. सी प्रमाणपत्राला एकूण गुणांच्या ५ टक्के, बीला ३, एला २ असा बोनस मिळतो. कट-ऑफवर एकेका गुणाने मुलं राहतात तिथे हे फार मोठं आहे. कॉलेजात असाल तर याच वर्षी एनसीसीत नाव घाला.

३. कागदपत्रं: इथेच सर्वांत जास्त मुलं अडकतात

मैदानात नापास झालेला मुलगा पुन्हा तयारी करतो. कागदावरून परत पाठवलेला मुलगा मात्र खचतो. पाच किलोमीटर पळून आलेली, पेपर काढलेली मुलं गेटवर रडताना मी पाहिली आहेत. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

*दहावीचं प्रमाणपत्र आणि गुणपत्रक.* यावरचं नाव आणि जन्मतारीख हेच प्रमाण. आधारवर "गणेश बाळू" आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर "गणेश बाळासाहेब" असेल तर फॉर्म भरण्याआधी आधार दुरुस्त करा, नंतर नाही. मुलींनी लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह नोंदणीचा दाखला लागतो.

*अधिवास प्रमाणपत्र.* जागा राज्यनिहाय असतात. फॉर्ममध्ये जे राज्य लिहिलं त्याच राज्याचं हवं. कामासाठी आई-वडील गुजरातेत किंवा कर्नाटकात असतील तर कुठला अधिवास दाखवायचा हे आधीच ठरवा.

*जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात.* महाराष्ट्रातला ओबीसी दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर राज्याच्या नमुन्यात असतो. केंद्राच्या भरतीला केंद्राचा नमुना लागतो आणि तुमची जात केंद्राच्या यादीतही असावी लागते. सेतू केंद्रात "केंद्राचा द्या" असं स्पष्ट सांगा आणि घेताना वाचून बघा. तारीख जाहिरातीत दिलेल्या मुदतीत बसते का, तेही बघा.

*एसईबीसी.* राज्यात मराठा समाजाला मिळणारं हे आरक्षण केंद्राच्या भरतीत चालत नाही. फॉर्म खुल्या वर्गातून, किंवा उत्पन्न-मालमत्तेच्या अटींत बसत असाल तर केंद्राच्या नमुन्यातल्या ईडब्ल्यूएस दाखल्यावर भरावा लागतो.

*उंचीच्या सवलतीचा दाखला.* हा बहुतेकांना माहीतच नसतो. पुरुषांना सर्वसाधारण उंची १७० सेंटिमीटर लागते. पण गढवाली, कुमाऊँनी, डोगरा यांच्यासोबत मराठा उमेदवारांनाही सवलत आहे: पुरुषांना १६५, महिलांना १५५. छातीतही सवलत आहे. मात्र ती आपोआप मिळत नाही. जाहिरातीच्या परिशिष्टात त्याचा छापील नमुना असतो, त्याच नमुन्यात सक्षम अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याने दाखला लागतो. नुसता जातीचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला दाखवून मोजमापाच्या टेबलावर काही होत नाही. माझ्या भाच्याची उंची १६७ होती. त्याच्याकडे तो दाखला होता म्हणून तो आज नोकरीत आहे. त्याच्याबरोबर आलेला, त्याच्याइतकाच उंच मित्र दाखल्याअभावी परत आला.

प्रत्येकाची मूळ प्रत, स्वतः साक्षांकित केलेल्या तीन प्रती आणि पासपोर्ट आकाराचे डझनभर फोटो एका फाइलमध्ये ठेवा. फॉर्मची प्रिंट सर्वांत वर.

४. मैदान आणि मेडिकल

पुरुषांना ५ किलोमीटर २४ मिनिटांत, महिलांना १.६ किलोमीटर साडेआठ मिनिटांत. आकडा सोपा वाटतो. पण भरतीच्या दिवशी तुम्ही पहाटे तीनला उठून रांगेत बसलेले असता, उपाशी, अनोळखी गावी. घरच्या रस्त्यावर २१ मिनिटांत येत असाल तरच तिथे २४ मध्ये याल. डांबरावर नव्हे, मातीवर सराव करा. नवे बूट भरतीच्या दिवशी घालू नका.

मेडिकलला मुलं हमखास घाबरतात ती डोळ्यांसाठी. चष्म्याशिवाय एका डोळ्याला ६/६ आणि दुसऱ्याला ६/९ लागतं. चष्मा किंवा लेन्स चालत नाही, रंगांधळेपणा चालत नाही. सपाट तळवे, चालताना एकमेकांना लागणारे गुडघे, पायांवरच्या फुगलेल्या शिरा यांवरून अनफिट करतात. फॉर्म भरण्याआधी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात एकदा सगळं दाखवून घ्या. कानातला मळ, दाताची कीड यांसारख्या गोष्टी आधीच निस्तरता येतात. अनफिट आलात तर फेरतपासणीची संधी असते, पण मुदत फार थोडी मिळते, म्हणून तिथल्या तिथे विचारून घ्या.

टॅटू. उजवा हात सलामीचा, त्यावर काही नको. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, लहान, देवाचं नाव किंवा चिन्ह, एवढंच चालतं. जत्रेत हौसेने उजव्या मनगटावर गोंदवून घेतलेली मुलं दरवर्षी परत येतात.

५. बटालियनमधली पहिली वर्षं

पे लेव्हल ३, मूळ वेतन २१,७०० पासून. ट्रेनिंग झालं की काश्मीर, छत्तीसगड, ईशान्य भारत, कुठेही. इथे कुणी तुम्हाला सफारी देणार नाही. नाका, रोड ओपनिंग (ताफा जाण्याआधी रस्ता तपासणं), रात्रीची पहारेदारी. याच वर्षांत पुढची निवड ठरते, कारण व्हीआयपी सुरक्षेसाठी नाव मागवलं जातं तेव्हा सर्वांत आधी सर्व्हिस बुक उघडलं जातं.

शिक्षेची एकही नोंद नको. सुटीवरून उशिरा येणं ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग पडणारी चूक. एसटी बंद होती, पेरणी चालू होती, बहिणीचं लग्न होतं, ही कारणं खरी असतात, पण नोंद व्हायची ती होतेच. मेडिकल कॅटेगरी शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, ठेवा. फायरिंगचे निकाल चांगले ठेवा. वार्षिक अहवालात कंपनी कमांडर काय लिहितात याकडे लक्ष द्या. आणि हिंदी सुधारा. आपल्या मुलांची हिंदी समजण्यासारखी असते, पण वायरलेसवर घाईत बोलताना मराठी शब्द घुसतात आणि समोरच्याचा गोंधळ होतो.

मग एक दिवस सिग्नल, म्हणजे वरून आलेला संदेश, येतो, इच्छुकांची नावं मागवली जातात. तो रोल कॉलला (हजेरीला) वाचून दाखवतात. त्या दिवशी तुम्ही सुटीवर असाल तर कुणी फोन करून सांगेलच असं नाही. कंपनीच्या रायटरशी (कारकुनाशी) चांगले संबंध ठेवा, सिग्नल आला का विचारत राहा. एसपीजीसाठीही असंच होतं. केंद्रीय दलं आणि राज्य पोलिसांतून प्रतिनियुक्तीवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी, माणसं घेतात, तुमच्या दलाची परवानगी आणि दक्षता विभागाचं प्रमाणपत्र लागतं. २०२३ च्या नियमांनुसार सुरुवातीची मुदत सहा वर्षांची आहे. घरच्यांची, नातेवाइकांची चौकशी होते. गावात कुणाशी जमिनीचा वाद असेल, चुलतभावावर गुन्हा असेल तर लपवू नका. तो असण्यापेक्षा लपवणं जास्त नडतं.

६. प्रशिक्षण: बघायला शिकणं

मी गेलो तेव्हा मला वाटलं होतं की आता गोळी कशी चालवायची ते शिकवतील. शिकवलंच, भरपूर. पण पहिल्या आठवड्यात उस्तादांनी (प्रशिक्षकांनी) आम्हाला गर्दीचा एक फोटो दहा सेकंद दाखवला आणि विचारलं, "किती जणांचे हात दिसत नव्हते?" एकालाही सांगता आलं नाही. आम्ही सगळ्यांनी चेहरे बघितले होते.

इजा हाताने होते. त्यामुळे आधी हात, मग कंबर, मग चेहरा. सगळे नेत्याकडे बघत असताना जो सुरक्षा जवानांकडे बघतो तो. मे महिन्यात जॅकेट घातलेला. सगळे टाळ्या वाजवताना एक हात खिशात ठेवलेला. आठवडी बाजारात उभं राहून हा सराव तुम्ही आजपासून करू शकता. त्याला पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट अंगवळणी पडायला मला महिने लागले. आवाज आला की नव्या माणसाचा हात पिस्तुलाकडे जातो. तसं करायचं नाही. जवळच्या वर्तुळातल्या माणसाचं काम झाकणं आणि तिथून हलवणं हे आहे. हल्लेखोराशी भिडायला बाहेरच्या वर्तुळात माणसं असतात. ८ जुलै २०२२ ला जपानमधल्या नारा शहरात माजी पंतप्रधान शिंझो आबे रस्त्यावर भाषण करत होते. हल्लेखोर मागून आला, पहिला बार चुकला. दुसऱ्या बारापर्यंत साधारण अडीच सेकंद होते. तेवढ्या वेळात त्यांना खाली दाबलं गेलं नाही. ते चित्रीकरण सगळ्यांना बघायला मिळतं. घड्याळ लावून बघा, अडीच सेकंदांत एक प्रशिक्षित माणूस काय काय करू शकतो ते कळेल.

आपल्याकडच्या घटनाही अशाच अभ्यासाव्या लागतात. २ ऑक्टोबर १९८६ ला राजघाटावर राजीव गांधींवर गोळ्या झाडणारा तरुण आधीपासून झाडोऱ्यात लपून बसला होता. जागा तपासणं आणि तपासल्यानंतर ती ताब्यात ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम अर्धवट राहतं. त्याच वर्षी १० ऑगस्टला पुण्यात माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य स्वतः गाडी चालवत घरी निघाले होते, शेजारी पत्नी, मागच्या सीटवर सुरक्षारक्षक. मोटरसायकलवरून आलेल्यांनी खिडकीतून गोळ्या घातल्या. पुण्याचे आपण सगळे त्या भागातून जातो. गाडीत शस्त्रधारी माणूस असूनही काय उपयोग झाला नाही, यावर मी त्या रस्त्यावर उभं राहून विचार केला आहे. मागच्या सीटवरून बाजूला आलेली मोटरसायकल दिसायला उशीर होतो आणि दिसली तरी काही करता येत नाही. म्हणूनच ताफ्यात बाजू राखणारी वेगळी गाडी असते. आणि म्हणूनच "मी इथेच जवळ जाऊन येतो, ताफा नको" असं नेत्याने म्हटलं की आपला जीव वर येतो.

२१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला हार घेऊन जवळ आलेल्या बाईच्या अंगावर स्फोटकं होती. राजीव गांधींचे सुरक्षा अधिकारी प्रदीप कुमार गुप्ता त्याच स्फोटात त्यांच्यासोबत मारले गेले. ते त्यांच्या अगदी जवळ होते. आमच्या वर्गात त्यांचं नाव उभं राहून घेतलं जायचं.

प्रशिक्षणात प्रथमोपचाराला कमी लेखू नका. रक्तस्राव दाबून धरणं, पट्टा आवळणं. आयुष्यात गोळी झाडायची वेळ कदाचित येणार नाही, पण सभेत कोसळलेल्या माणसाला सावरायची वेळ येतेच.

७. प्रत्यक्ष ड्यूटी

दौऱ्याचं काम नेता पोचण्याच्या किती तरी आधी सुरू होतं. त्याला एएसएल म्हणतात, म्हणजे आगाऊ सुरक्षा समन्वय. जिल्हा पोलीस, बॉम्बशोधक पथक, बांधकाम विभाग, वीज, अग्निशमन, आरोग्य, सगळ्यांना एका टेबलावर बसवायचं. व्यासपीठाच्या मजबुतीचं प्रमाणपत्र, विजेच्या जोडणीचं प्रमाणपत्र, जवळचं रुग्णालय कुठलं, नेत्याच्या गटाचं रक्त तिथे आहे का, मुख्य रस्ता बंद पडला तर दुसरा कुठला. व्यासपीठासमोर बांबू लावून मोकळा ठेवलेला जो डी असतो, तो किती खोल असावा यावर आयोजकांशी वाद होतोच. त्यांना वाटतं गर्दी लांब गेली तर सभा रिकामी दिसेल. तुम्ही शांतपणे आपला मुद्दा धरून ठेवायचा.

महाराष्ट्रातल्या दौऱ्यात दोन गोष्टींकडे बाहेरच्या राज्यातले सहकारी दुर्लक्ष करायचे, आणि तिथे मराठी माणूस उपयोगी पडतो. एक, औक्षण. पाच-सात बाया पेटतं निरांजन घेऊन नेत्याच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर येतात. नाही म्हणता येत नाही, म्हणूही नये, तो मान आहे. पण कोण करणार त्यांची नावं आदल्या दिवशी घ्यायची, ताटं आपल्यासमोर तपासून एका जागी ठेवायची, काडेपेटी आपल्या माणसाकडे, आणि ऐनवेळी "ही माझी वहिनी, हिलाही येऊ द्या" म्हणणाऱ्या कार्यकर्त्याला नम्रपणे अडवायचं. मी प्रत्येक वेळी त्या बायांशी आधी जाऊन बोलायचो. "मावशी, तपासायला लागतं, राग मानू नका." मराठीत दोन शब्द बोललं की त्या स्वतःच पिशवी उघडून दाखवायच्या.

दुसरी गोष्ट, तलवार. आपल्याकडे सत्कारात तलवार भेट देतात. म्हणजे व्यासपीठावर, नेत्याच्या समोर, उघडं पातं. भेटवस्तूंची यादी आधी मागा. तलवार असेल तर ती म्यानातच राहील, देणारा एकच असेल आणि हातात आली की लगेच आपला माणूस ती घेईल, हे आयोजकांकडून वदवून घ्या. नेत्याने ती फोटोसाठी उपसली तर मागे उभ्या असलेल्या लोकांना दोन पावलं हटवायची जबाबदारी तुमची.

शरीराचं सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. सहा-आठ तास उभं राहायचं. बूट अर्धा नंबर मोठा घ्या, पाय सुजतात. बुलेटप्रूफ जॅकेटखाली सुती बनियन, घामाचं पुरळ आलं तर पावडर. ड्यूटीआधी घटाघट पाणी पिऊ नका, पण अजिबात न पिणं त्याहून वाईट. दर अर्ध्या तासाला घोटभर. खिशात फुटाणे-शेंगदाणे ठेवा. तिखट, तेलकट आदल्या रात्री नको. गुडघे ताठ ठेवून उभे राहू नका, चक्कर येते. नेत्याच्या घरचं जेवण आग्रहाने दिलं तरी ड्यूटीवर खाऊ नका.

सणवार विसरा. निवडणुकीत सुट्या रद्द होतात. नऊ वर्षांत मी गणपतीला दोनदा घरी आलो. आई गेली तेव्हा मी दौऱ्यावर होतो आणि तिसऱ्या दिवशी पोचलो. लग्न ठरवताना मुलीला आणि तिच्या घरच्यांना हे सगळं स्पष्ट सांगा. माझ्या बायकोने मुलांची शाळा, सासू-सासऱ्यांची आजारपणं, घराचं बांधकाम सगळं एकटीने ओढलं. ती तयार नसती तर मी ही ड्यूटी करू शकलो नसतो.

८. हे करू नका

पिशव्या उचलू नका, छत्री धरू नका, मोबाइल सांभाळू नका. तुमचे दोन्ही हात मोकळे हवेत. सांगायला अवघड वाटतं, कारण समोर मोठा माणूस असतो. मी म्हणायचो, "साहेब, हात मोकळे ठेवायचा हुकूम आहे," आणि स्वीय सहायकाकडे बघायचो. बहुतेक जण समजून घेतात. कुणी समजून घेतलं नाही तर आपल्या इन्चार्जला सांगा, स्वतः वाद घालू नका.

नेत्यासोबतचा फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका, वर्दीतला स्टेटस ठेवू नका, "उद्या नाशिक" असं घरच्या ग्रुपवरही लिहू नका. दौऱ्याची माहिती फुटते ती बहुतेक वेळा अशा प्रेमाच्या माणसांकडून.

गावाकडून फोन येतील. बदली करून द्या, शाळेत प्रवेश मिळवून द्या, साहेबांच्या कानावर घाला. पहिल्याच फोनला नाही म्हणा. एकदा चिठ्ठी पुढे केलीत की त्या दिवसापासून तुम्ही सुरक्षेतले राहत नाही आणि नेताही तुमचं ऐकेनासा होतो. धोक्याच्या क्षणी "साहेब, खाली वाका" हे त्याने निमूट ऐकायला हवं असेल तर तुमचं त्याच्याकडे काही मागणं असता कामा नये.

९. परत जाताना

मुदत संपते, श्रेणी बदलते, वय होतं, आणि एक दिवस मूळ बटालियनला परतायचा आदेश येतो. खूप जणांना ते जड जातं. सफारी जाते, खाकी येते, भत्ता थांबतो. एसपीजीत ऑपरेशनल ड्यूटीला मूळ वेतनाच्या ५५ टक्के भत्ता असतो. त्या पगारावर घराचा हप्ता बसवलेल्यांची पुढे ओढाताण होते. हप्ता मूळ पगारावरच काढा.

निघण्याआधी शस्त्र, दारूगोळा, वायरलेस, जॅकेट कोतात (शस्त्रागारात) जमा करून पावती घ्या. ओळखपत्र आणि प्रवेशपत्रं परत करून त्याचीही पोच घ्या. शेवटच्या पगाराचं प्रमाणपत्र मागा, नाहीतर नव्या जागी दोन-दोन महिने पगार अडतो. प्रतिनियुक्तीचा काळ, केलेले कोर्स आणि शाबासकीपत्रं सर्व्हिस बुकमध्ये चढली आहेत का, हे स्वतः पान उघडून बघा आणि त्या पानाची एक प्रत घरी ठेवा.